उजव्या पानावर कविता, डाव्या पानावर घर

"कपडे तीनदा आत घेतले, तीनदा बाहेर टाकले. संध्याकाळी तरी दमटच."

माझ्या आईच्या वहीत हे वाक्य आहे. खाकी पुठ्ठ्याची शंभर पानी वही. उजव्या पानावर बालकवींची 'श्रावणमासी' उतरवून घेतलेली, आणि डाव्या पानावर, एरवी जिथे दुधाचा आणि दळणाचा हिशेब असायचा त्या जागी, हे एवढंच. कवितेत 'क्षणांत येतें सरसर शिरवें, क्षणांत फिरुनी ऊन पडे', आणि समोर आमच्या जळगावच्या घराची गच्ची. कवितेबद्दल आईने एक अक्षरही लिहिलेलं नाही. पण शाळेत पाठ करूनसुद्धा मला ती ओळ जेवढी कळली नव्हती, तेवढी त्या दोरीवरच्या कपड्यांमुळे कळली.

गेली सहा वर्षं मीही अशी वही ठेवते. एका पानावर आवडलेली कविता, समोरच्या पानावर घरातला एखादा दिवस. नात्यातल्या, शेजारच्या बायका ती चाळतात आणि विचारतात, "सुरुवात कशी करायची गं? आम्हाला काही लिहिता येत नाही." हा लेख त्यांच्यासाठी आहे. कविता आवडते, पण तिच्याविषयी काय बोलावं हे सुचत नाही, अशा कुणासाठीही आहे. यासाठी कवी असावं लागत नाही, साहित्याचा अभ्यास लागत नाही. घर असलं की पुरे, आणि ते सगळ्यांकडे असतंच.

आधी वही आणा

मोबाइलमध्ये ठेवलेल्या कविता हरवतात. फोन बदलला की गेल्या, आणि दुसऱ्या कुणी सहज उघडून वाचण्याचा प्रश्नच नाही. वही स्वयंपाकघराच्या फळीवर पडलेली असते, कुणीही उचलतं, त्यातच तिचं निम्मं काम होतं.

दोनशे पानी, लांब आकाराची, एकेरी ओळींची, शिवलेल्या बांधणीची वही घ्या. स्पायरलची नको, तिची पानं सुटतात. साधं निळं बॉलपेन चांगलं. जेलच्या शाईवर पाण्याचा थेंब पडला की ओळ फुटते, आणि ही वही ओट्याजवळ वावरणार आहे हे लक्षात ठेवा. पहिली दोन पानं कोरी सोडा, तिथे पुढे अनुक्रमणिका येईल. सगळ्या पानांना सुरुवातीलाच आकडे घालून टाका. नंतर घालायचा कंटाळा येतो आणि मग कविता शोधताना सगळी वही उलटावी लागते.

कविता कायम उजव्या पानावर आणि घर कायम डाव्या, हा नियम मात्र मोडू नका. सुरुवातीला मी कवितेच्याच खाली नोंद लिहायचे. मोठी कविता आली की नोंदीला जागा उरायची नाही, आणि नोंद लांबली की ती कवितेची शेपटी वाटायची. समोरासमोर ठेवल्यावर दोघींना आपापलं पान मिळालं.

पहिली कविता पुस्तकात शोधू नका

जी आधीच येते ती घ्या. अर्धी येत असली तरी चालेल. भांडी घासताना, गाडी चालवताना, बाळाला झोपवताना जी आपोआप तोंडात येते ती तुमची पहिली कविता. माधव ज्यूलियनांची 'प्रेमस्वरूप आई' असेल, कुसुमाग्रजांची 'कणा' असेल, संदीप खरे यांची 'दमलेल्या बाबाची कहाणी' असेल, नाहीतर बालभारतीच्या पुस्तकातली एखादी, जिचा कवी कोण हेही आठवत नाही अशी. कवितेच्या मोठेपणाचा विचार या टप्प्यावर करू नका.

मग घरात प्रत्येकाला विचारा: "तुला कोणती पाठ आहे?" या एका प्रश्नाने आमच्या घरात एक अख्खा रविवार गेला. नवऱ्याला कविता आवडत नाहीत अशी माझी पंधरा वर्षं समजूत होती. त्याला शांता शेळक्यांची 'पैठणी' जवळजवळ सगळी येत होती. त्याच्या आजीची एक जुनी साडी गोधडीत गेली होती, ती गोधडी अंगावर घेऊन तो दहावीचा अभ्यास करायचा. हे त्याने कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्यापासून सुरुवात करा. आज्ज्यांना जात्यावरच्या ओव्या येतात आणि "त्या काय कविता असतात होय" असं म्हणून त्या आपणहून सांगत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. साने गुरुजींनीही 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्यांचा मोठा साठा छापला. एवढं सगळं बायकांनी दळता दळता रचलं, आणि त्यात घरच आहे: भाऊ, लेक, सासर, भरलेलं आणि रिकामं जातं. तुमच्या आजीच्या चार ओव्या कदाचित यातल्या कशातही नसतील. फोनवर आवाज टिपून घ्या, मग सावकाश उतरवा, आणि खाली तिचं नाव, गाव, आणि ती ओवी तिला कुणी शिकवली ते लिहा.

उतरवून घेताना अक्षरं मोजा

पाठ असलेल्या कवितेत हमखास एखादा शब्द गळतो किंवा आपला घुसतो. मला हे कळायला वेळ लागला, पण त्यावर एक अगदी सोपा उपाय आहे. बोटांवर अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं.

बहिणाबाईंचं हे कडवं घ्या:

अरे, संसार संसार
जसा तावा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके
तव्हा मिळते भाकर

प्रत्येक ओळीत बरोबर आठ अक्षरं. अ-रे-सं-सा-र-सं-सा-र. ज-सा-ता-वा-चु-ल्ह्या-व-र. मी पहिल्यांदा लिहिताना तिसऱ्या ओळीत 'आधी हाताला बसती चटके' असं लिहिलं होतं. म्हणताना काही खटकत नव्हतं. मोजल्यावर अकरा भरली, आणि 'बसती' हा शब्द मीच घातल्याचं उघड झालं.

अभंगालाही असंच माप असतं. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठातला पहिला घ्या: 'देवाचिये द्वारीं । उभा क्षणभरी । तेणें मुक्ति चारी । साधियेल्या ॥' सहा, सहा, सहा आणि चार. आजोबा रोज म्हणतात तो अभंग या मापात बसतो का ते मुलांना मोजायला द्या. आमच्या मुलीला गणितापेक्षा हे मोजणं आवडतं. सगळ्या कविता अशा अक्षरांत बसत नाहीत. काहींना मात्रांचं माप असतं, मुक्तछंदाला यातलं कुठलंच नसतं. तिथे पुस्तक समोर ठेवूनच उतरवा.

मोजणीने शब्द गळलेला कळतो, बदललेला कळत नाही. 'तव्हा'चं 'तेव्हा' केलं तरी अक्षरं आठच राहतात. म्हणून बोलीतली कविता उतरवताना 'शुद्ध' करायचा मोह टाळा. 'चुल्ह्यावर' म्हणजे चुल्ह्यावरच. माझी आजी तसंच बोलायची. शाळेत गेल्यावर मी ते बोलणं टाकलं, याचं मला आता वाईट वाटतं.

ओळी जिथे तुटतात तिथेच तोडा. पान वाचवायला दोन ओळी एका ओळीत घेऊ नका. शेवटी कवीचं पूर्ण नाव लिहा, आणि कविता कुठून घेतली तेही: कोणता संग्रह, कोणाचं पुस्तक, की कुणाच्या तोंडून ऐकली. शंका असलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवा. पुढे वाचनालयात संग्रह मिळाला की दुरुस्त करता येतो.

या उतरवून घेण्याला मी इतकं महत्त्व का देते, ते सांगते. आमच्या जळगावजवळच्या आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या रचत आणि म्हणत. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एक भाऊ यांनी जमेल तसं ते घरातल्या घरात टिपून ठेवलं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ते लिखाण आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. मधली सगळी वर्षं ती कविता एका घराने टिपून ठेवल्यामुळे वाचली. टिपायचं राहून गेलं ते त्यांच्याबरोबरच गेलं.

डावं पान

हे पान सगळ्यात अवघड, आणि वहीचा जीवही याच पानात आहे.

'अरे संसार'समोर मी पहिल्यांदा हे लिहिलं होतं: "संसारात सुखाच्या आधी दुःख सोसावे लागते हे बहिणाबाईंनी किती सोप्या शब्दांत सांगितले आहे. आजच्या पिढीने यातून शिकण्यासारखे आहे." दोन महिन्यांनी वाचलं तेव्हा मलाच त्यात काही सापडेना. हे वाक्य कुठल्याही घरात, कुठल्याही वर्षी, कुणीही लिहू शकलं असतं. शाळेच्या गाइडमध्ये असतंच. बहिणाबाई तवा दाखवतात, चटका दाखवतात. मी त्यावर पुन्हा शिकवणीचं पांघरूण घातलं होतं.

ते पान मी खोडलं नाही. त्याच्याखाली, मुलगा पुण्याला शिकायला जायच्या आदल्या महिन्यात, हे लिहिलं:

"रविवार. मुलाला भाकरी शिकायची होती, खोलीवर राहणार म्हणून. पिठाची विरी गेली होती, मला आधी कळलं नाही. पहिली परातीतच फाटली. दुसरी टाकताना बोट तव्याला लागलं. ते नळाखाली धरून म्हणाला, तू रोज कशी टाकतेस? मी म्हटलं, पिठाची बाजू वर येऊ दे, तिच्यावर पाणी फिरव. तिसरी फुगली नाही. त्याने तीच खाल्ली, ठेच्याबरोबर. मला दिली नाही."

यात संसार हा शब्द नाही. दुःख नाही, शिकवण नाही. पण आता मी ते उजवं पान वाचते तेव्हा 'हाताला चटके' यातला हात कुणाचा ते मला दिसतं.

तर डाव्या पानासाठी माझं पहिलं सांगणं हेच: कवितेचा अर्थ लिहू नका. अर्थ समोरच्या पानावर आहे, तो तिथे नीट आहे. तुम्ही घडलेली गोष्ट लिहा. घडलेली म्हणजे जिला वार आहे, वेळ आहे, भांडं आहे. "आई खूप कष्ट करायची" ही गोष्ट नव्हे. "आई पहाटे पाण्याची मोटर लावायची आणि टाकी भरेपर्यंत जिन्यात बसून डुलकी काढायची" ही गोष्ट.

नोंद पाच-सहा ओळींची ठेवा. कुणी काही बोललं असेल तर त्याचेच शब्द लिहा, गुळगुळीत करू नका. सासूबाई मिक्सरला 'मशीन' म्हणतात, तर 'मशीन'च लिहा. 'हृदयस्पर्शी', 'अविस्मरणीय', 'डोळ्यांच्या कडा पाणावल्या' असले शब्द हाताशी येतील, त्यांना थांबवा. रडू आलं असेल तर त्या वेळी हातात काय होतं ते लिहा.

आणि त्याच दिवशी लिहा. रात्री गॅस पुसून झाला की दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी गोष्ट आठवते, पण ठेचा होता की शेंगदाण्याची चटणी हे विसरतं. सगळं वजन त्या ठेच्यात असतं.

काहीच घडलं नाही असे दिवस येतात. तेव्हा बाजारभाव लिहा, पाणी किती वाजता आलं ते लिहा, गॅस कधी लावला ते लिहा. आईच्या वहीतल्या हिशेबांपासून मी हे शिकले. तिच्या एका कवितेसमोर फक्त 'दळण ५ किलो, बाजरी' आहे. थंडी सुरू झाली होती, म्हणजे संक्रांत जवळ आली होती, म्हणजे आम्ही सगळे घरी होतो. मला तेवढ्यावरून तो सगळा महिना आठवतो.

जोडी कशी जुळवायची

नवीन माणूस आधी कविता घेतो आणि तिला शोभेल असा प्रसंग शोधतो. त्याने प्रसंग बेतलेला वाटतो. उलट करा. आधी दिवस लिहा, पान तसंच ठेवा, आणि कविता आठवते का बघा. कधी त्याच रात्री आठवते, कधी आठ महिन्यांनी. माझ्या वहीत आज चार डावी पानं भरलेली आहेत आणि त्यांची उजवी कोरी आहेत. त्याची मला घाई नाही.

ठरलेल्या जोड्याही टाळा. मातृदिनाला आईची कविता आणि आईचा फोटो, पावसाळ्यात पावसाची कविता आणि भजी. यात खोटं काही नाही, पण सगळ्यांच्या वह्या सारख्याच होतील. माझी आवडती जोडी विंदा करंदीकरांच्या 'घेता' या कवितेची आहे, 'देणाऱ्याने देत जावे' ती. कविता भव्य आहे, तिच्यात सह्याद्री आणि सागर आहेत. तिच्यासमोर माझ्याकडे एक स्टीलची वाटी आहे. समोरच्या वहिनींनी कैरीचं ताजं लोणचं दिलं, त्यांची वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून मी पुरणाचा गोळा घालून दिली, तर दोन दिवसांनी माझाच डबा त्यात अनारसे घालून परत आला. गेली नऊ वर्षं आमच्या दोन दारांत कोणतं भांडं कुणाचं हे ठरलेलं नाही. एवढंच लिहिलंय. विंदांची ती कविता वाचताना मला आता ती वाटी दिसते.

आई गेल्यानंतर दीड वर्ष माझ्या वहीत आईची एकही कविता आली नाही. माधव ज्यूलियन, यशवंत, फ. मुं. शिंदे, सगळ्यांच्या 'आई' मला पाठ आहेत. हात जायचा नाही. मग एकदा तिची वही पुन्हा उघडली, तिच्या अक्षरातलं ते कपड्यांचं वाक्य जसंच्या तसं माझ्या डाव्या पानावर उतरवलं, आणि उजव्या पानावर 'श्रावणमासी'. तुमच्याही घरात अशी एखादी गोष्ट असेल तर तिला वेळ द्या. पान कोरं राहिलं म्हणून काही बिघडत नाही.

वाचून दाखवणं

वही बंद करून ठेवायची असेल तर ती रोजनिशी झाली. ही वही वाटायची आहे.

आमच्याकडे रविवारी सकाळी पोहे झाल्यावर वाचतो. एकच पान. आधी डावं, मग उजवं. हा क्रम माझ्या मुलीने शोधला, आणि तिचं बरोबर होतं. आधी घर ऐकलं की सगळे हसतात, "नाही गं, तसं नव्हतं झालं" म्हणून भांडतात, आणि मग शांत होऊन कविता ऐकतात. आधी कविता वाचली की वर्गात बसल्यासारखे गप्प होतात. तीन-चार मिनिटांत संपवा. जास्त हवं असेल तर लोक स्वतः मागतात.

कविता मोठ्याने, सावकाश म्हणा, ओळ तुटते तिथे श्वास घ्या. चाल माहीत असेल तर चालीवर म्हणा. आवाज चांगला नाही म्हणून मागे राहू नका. मुलांना "अर्थ सांग बघू" असं कधीही विचारू नका. विचारायचंच असेल तर "तू असतास तर डाव्या पानावर काय लिहिलं असतंस?" असं विचारा. पेन त्यांच्या हातात द्या. माझ्या वहीत तीन-चार जणांची अक्षरं आहेत, मुलीची दोन चित्रंही आहेत, एक नवऱ्याने बॅटिंगच्या धावा टिपलेलं पान आहे. ते असू द्यावं.

लांबच्या माणसांना आवाजात पाठवा. माझी मावसबहीण अमेरिकेत आहे. तिच्या मुलांना मराठी समजतं पण देवनागरी वाचताना अडखळतात. पानाचा फोटो पाठवला तर "छान" असं उत्तर येतं. व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवला तर मुलं ऐकतात आणि 'शिरवं' म्हणजे काय ते विचारतात. परवा तिच्या धाकट्याने उलट टपाली त्याच्या अंगणातल्या बर्फाची नोंद पाठवली, मोडक्या मराठीत. मी ती आहे तशी उतरवून घेतली. तिच्यासाठी कविता अजून सापडायची आहे.

ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला आधी विचारा

इथे माझ्याकडून चूक झाली आहे, म्हणून हे नीट सांगते.

माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, त्यांना अलीकडे वार लक्षात राहत नाही. एका सकाळी त्यांनी "आज कोण वार?" असं चारदा विचारलं. मी ते लिहिलं, प्रेमानेच लिहिलं होतं, आणि नणंदेकडचे सगळे जमले असताना वाचून दाखवलं. नाना काही बोलले नाहीत. कप खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसले. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "सूनबाई, वहीत मी असाच राहणार का?"

मी माफी मागितली आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "नाना, हे पान फाडू का?" ते नको म्हणाले. पेन मागितलं. पुढच्या उजव्या पानावर त्यांनी केशवसुतांची 'तुतारी' लिहायला घेतली, पुस्तक नाही, काही नाही. 'एक तुतारी द्या मज आणुनि, फुंकिन जी मी स्वप्राणाने'. हात थरथरत होता, ओळी वरखाली गेल्या आहेत. दोन बैठका लागल्या. मी नंतर पुस्तकाशी ताडून पाहिलं, तीन शब्दांचा फरक होता. समोर डाव्या पानावर त्यांनी लिहिलं: "शाळेत पाठ केली. आज म्हणून पाहिली. आली."

तेव्हापासून घरात नियम आहे. ज्याच्याबद्दल पान आहे, त्याला ते आधी एकट्याला वाचून दाखवायचं. त्याने नको म्हटलं तर वाचायचं नाही. मुलांच्या बाबतीत तर जास्तच सांभाळा. मुलीची शाळेतली रडारड मला गोड वाटते, तिला वर्गात तोंड दाखवायचं असतं. आजारपण, पैसे, नवरा-बायकोतली भांडणं ही पानं लिहा जरूर, पण घडी घालून पिन मारून ठेवा. माझ्या वहीत अशी पाच पानं आहेत.

घराबाहेर देताना

वहीतली कविता मैत्रिणींना, सोसायटीच्या भिशीत, हळदीकुंकवाला वाचायला सुरुवात झाली की दोन गोष्टी पाहा.

पहिली, नाव. फोनवर फिरणाऱ्या कवितांखाली कुसुमाग्रज, पु. ल., कुणाचंही नाव लावलेलं असतं. माझ्या वहीतही अशी एक शिरली होती. संग्रहात सापडल्याशिवाय मोठ्या कवीचं नाव लिहू नका, 'फोनवर आली, कवी माहीत नाही' असं प्रामाणिकपणे लिहा. गावातल्या वाचनालयात जा. कवितासंग्रहांचं कपाट तिथे बहुतेक धूळ खात असतं आणि ग्रंथपालांना कुणी ते उघडायला सांगितलं की आनंद होतो. जुन्या पाठ्यपुस्तकातली कविता असेल तर घरातल्या मोठ्यांना इयत्ता विचारा, शोधणं सोपं जातं.

दुसरी, हक्क. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखनाचा हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. म्हणजे केशवसुत (मृत्यू १९०५), बालकवी (१९१८), माधव ज्यूलियन (१९३९), बहिणाबाई (१९५१) यांच्या कविता पूर्ण छापून वाटायलाही हरकत नाही. कुसुमाग्रज, शांता शेळके, विंदा, नारायण सुर्वे आणि आजचे कवी यांच्या बाबतीत तसं नाही. स्वतःच्या वहीत उतरवून घ्या, घरात वाचा. पण छापून वाटायचं असेल तर एखाद-दोन ओळी, कवीचं आणि संग्रहाचं नाव एवढंच द्या, आणि लोकांना संग्रह विकत घ्यायला सांगा. मी वाढदिवसाला आता कवितासंग्रहच देते. आत पहिल्या कोऱ्या पानावर त्या माणसाची एक नोंद लिहून देते, डाव्या बाजूला.

अनुक्रमणिका

सहा महिन्यांनी सुरुवातीची दोन कोरी पानं भरा. कवितेच्या पहिल्या ओळीनुसार एक यादी, आणि घरातल्या माणसां-वस्तूंनुसार दुसरी: नाना पान ४२, १०४, शेजारच्या वहिनी ३०, गॅस ८, ५८, ९०. दुसरी यादी करताना कुणाचं एकही पान नाही ते लक्षात येतं. माझ्या यादीत धाकट्या दिराचं नाव नव्हतं. तो दर शनिवारी येतो, नानांची नखं काढतो, जेवतो आणि जातो. गेल्या शनिवारी मी डावं पान उघडून बसले, नेलकटरचा आवाज, खाली पसरलेला पेपर, नाना पाय मागे घेत होते ते, सगळं लिहिलं, आणि त्याला दाखवलं. त्याने वाचून वही परत दिली आणि म्हणाला, "वहिनी, पेपर सकाळचा नव्हता, आदल्या दिवशीचा होता." मी दुरुस्त केलं. उजवं पान अजून कोरं आहे.